रॅम किती घ्यायची? मागाशेजारच्या कांड्या आणि आपला गेमिंग पीसी

(या भागाचं हे लिखित रूप. बोललो तसंच बहुतेक ठेवलंय. मध्ये दोनदा लाईट गेली, तेवढं काढलंय.)

सोलापुरातून बोलतोय. कुणी सिटी बसमध्ये हेडफोन लावून ऐकत असेल, कुणी कॉलेजच्या कट्ट्यावर, कुणी रात्री गच्चीवर आडवं होऊन. गड्ड्याची यात्रा आत्ताच संपलीय, पाळण्यांत बसून खिसे रिकामे झालेत, आणि घराघरांत पुढचा हट्ट सुरू झालाय. गेमिंग पीसी.

आमच्याही घरात झालाय. गेल्या रविवारी माझा आतेभाऊ मोबाईल नाचवत आला. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष चालू आहे त्याचं. म्हणाला, "दादा, बघ की. फायनल झालं." व्हॉट्सॲपवर दुकानाचं कोटेशन आलेलं. आत्यानं भिशी उचलून त्याला साठ हजार रुपये दिलेत. आत्याच्या हिशोबात तो अभ्यासाचा कॉम्प्युटर आहे. त्याच्या हिशोबात काय आहे, ते तुम्हाला सांगायला नको.

मी यादी वाचली. प्रोसेसर बरा. एसएसडी बरी. पुढे रॅम, 32 जीबी. आणि त्याच्या खालच्या ओळीत ग्राफिक कार्ड, जुन्या पिढीतलं, 4 जीबीचं.

मी विचारलं, "32 का बे?"

"दुकानदार म्हणाला, रॅम जास्त तर गेम फास्ट. आणि माझ्या मित्राकडे 16 आहे."

खरं कारण दुसरं होतं. मंडळी, आपल्यातले निम्मे लोक मित्राकडे किती आहे ते बघून रॅम ठरवतात. मला हसू आलं नाही, कारण मी स्वतः हेच केलं होतं. आणि वडिलांच्या पैशांनी केलं होतं. म्हणून आजचा भाग त्यावरच. गेमिंग पीसीला रॅम किती लागते, ती आपली आपण कशी ठरवायची, आणि कुठे थांबायचं.

आधी माझी गोष्ट सांगतो.

माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मागावर आहेत. 2019 च्या शेवटी मी पीसीचा हट्ट धरला. अण्णांनी मालकाकडून उचल घेतली. ज्यांच्या घरात यंत्रमाग आहे त्यांना उचल म्हणजे काय ते माहीत आहे. आज पैसे मिळतात आणि पुढे कितीतरी आठवडे पगारातून कापले जातात. त्या पैशांत रायझन 3 3200जी हा प्रोसेसर आला. यात ग्राफिक्स आतच असतात, वेगळं कार्ड लागत नाही. आणि 16 जीबी रॅम आली. आमच्या ग्रुपमध्ये सगळ्यांकडे 8 होती. माझ्याकडे 16! मी कॉलर ताठ करून फिरत होतो.

घरी येऊन जीटीए 5 लावला. चालला, पण अडखळत. गाडी वळवली की चित्र थबकायचं, मग एकदम उडी मारून पुढे जायचं. सेटिंग कमी केलं, रिझोल्यूशन कमी केलं, तरी मजा नाही. अण्णा मागे उभे राहून बघत होते. रात्रपाळीला निघाले होते, हातात डबा. म्हणाले, "एवढं पैसं घातलं, आणि हे अडकतंय का बे?"

मी गप्प. मग अण्णा म्हणाले, "माग असा अडकायला लागला की आम्ही आधी बघतो, कांडी वेळेवर येतीय का."

तेव्हा मला ते काही कळलं नाही. वर्षभरानं कळलं. आणि रॅम समजावून सांगायला यापेक्षा चांगली गोष्ट मला आजपर्यंत सापडली नाही. तर ऐका.

जुन्या साध्या मागावर धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्याच्या पोटात कांडी असते, म्हणजे आडव्या सुताची छोटी गुंडाळी. कांडीचं सूत संपलं की माग थांबतो, कामगार दुसरी भरलेली कांडी घालतो, माग परत सुरू. म्हणून प्रत्येक मागाशेजारी भरलेल्या कांड्यांची पेटी ठेवलेली असते. सुताचा मोठा साठा गोदामात असतो. पण गोदाम लांब. पेटीत कांडी असेल तर हात घातला की मिळते. पेटी रिकामी असेल तर कुणीतरी गोदामाकडे पळायचं, आणि तोपर्यंत माग उभा.

आता हेच पीसीत बघा. माग म्हणजे तुमचा प्रोसेसर आणि ग्राफिक कार्ड. काम तिथे होतं. गोदाम म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्क, सगळा गेम तिथे पडलेला असतो. आणि मागाशेजारची कांड्यांची पेटी म्हणजे रॅम. आत्ता या क्षणाला जे लागणार आहे ते हाताशी.

अंतर किती आहे ते आकड्यात सांगतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण 100 ते 200 एमबी माल देते. साटा एसएसडी साधारण 550 एमबी. आणि डीडीआर4 3200 रॅमची एकच स्टिक, कागदोपत्री, सेकंदाला 25,600 एमबी. म्हणून रॅम भरली आणि विंडोजला गोदामाकडे पळावं लागलं की गेम झटके देतो.

या गोष्टीतून दोन नियम निघतात. पहिला, पेटीत कांड्या कमी पडल्या तर माग थांबतो. दुसरा, आणि दुकानात कुणी हा सांगत नाही, पेटीत गरजेपेक्षा जास्त कांड्या ठेवल्या म्हणून माग जोरात पळत नाही. मागाचा वेग मागाचाच राहतो. गेमला 11 जीबी लागत असेल, तर 16 वर जेवढे एफपीएस तेवढेच 32 वर, जवळजवळ तेवढेच 64 वर. उरलेली रॅम नुसती बसून असते. आणि तिचे पैसे तुम्ही दिलेले असतात.

आता तुम्ही म्हणाल, फोनमध्ये तर कंपनी 8 ची 16 करून देते. खोक्यावर लिहिलेलं असतं, "8+8 जीबी". मंडळी, ते दुसरं 8 म्हणजे स्टोरेजचाच एक तुकडा आहे. गोदामातल्या एका कोपऱ्याला पेटी म्हणायचं, एवढंच. मागचे ॲप जरा जास्त वेळ जिवंत राहतात, पण खऱ्या रॅमचा वेग त्याला नाही. पीसीतही हे असतं, त्याला पेज फाइल म्हणतात. ती बंद करू नका, अडीअडचणीला लागते. पण तिला रॅम समजू नका.

बरं, मग किती? आधी गेम कसे फुगत गेले ते बघू.

आपले दादा लोक सायबर कॅफेत तासावर पैसे देऊन जीटीए व्हाइस सिटी खेळायचे. तो पीसीवर 2003 साली आला, किमान 128 एमबी रॅम मागायचा. जीबी नाही, एमबी! सॅन अँड्रियास 2005 ला आला, किमान 256 एमबी. 2015 ला जीटीए 5 पीसीवर आला तेव्हा किमान 4 जीबी, शिफारस 8. सायबरपंक 2077 डिसेंबर 2020 मध्ये आला तेव्हा किमान 8 जीबी सांगितली होती. 2023 मध्ये कंपनीनं तोच आकडा वाढवून किमान 12 आणि शिफारस 16 केला. म्हणजे गेम तोच, तीन वर्षांत भूक वाढली. एल्डन रिंग किमान 12 मागतो, शिफारस 16. हॉगवर्ट्स लेगसी तर किमानच 16 सांगतो.

दुसऱ्या बाजूला व्हॅलोरंट. त्याची किमान मागणी 4 जीबी. काउंटर-स्ट्राइक 2 ची 8. हे गेम लाखो साध्या पीसींवर चालावेत म्हणूनच हलके ठेवलेले असतात. आणि पार टोकाला मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर 2024. किमान 16, शिफारस 32, आणि उत्तम हवं तर 64.

पण एक लक्षात ठेवा. पीसीत एकटा गेम कधीच नसतो. विंडोज स्वतः असतं, डिस्कॉर्ड असतं, क्रोमच्या दहा-बारा टॅब असतात, कुणी मागे गाणी लावतं. एवढ्यातच तीन-चार जीबी सहज जातात, कधी जास्त. म्हणून गेमच्या पानावरचा "किमान" आकडा म्हणजे नुसतं चालू होण्यापुरता.

तर माझा हिशोब असा.

8 जीबी. नवीन पीसीत आता घेऊ नका, असं मी सांगेन. आहे त्यांनी रडत बसू नये. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक, जुने गेम, क्रोम बंद करून आरामात चालतात. पण ग्राफिक्स प्रोसेसरच्या आतच असतील, तर त्या 8 मधला एक-दोन जीबीचा घास ग्राफिक्सच घेतं. उरली सहा-सात. त्यात विंडोज. मग गेमला काय उरणार?

16 जीबी. साठ-सत्तर हजारांच्या आतल्या गेमिंग पीसीला आज हाच आकडा. बहुतेक गेम यात बसतात, मागे डिस्कॉर्ड चालू राहतं, कॉलेजचं कोडिंग होतं.

32 जीबी. हे कुणाला? जो गेम खेळता खेळता स्ट्रीमिंग करतो. जो व्हिडिओ एडिटिंग, ब्लेंडर, अँड्रॉइड स्टुडिओ एमुलेटरसकट, व्हर्च्युअल मशीन असली कामं रोज करतो. जो सिटीज स्कायलाइन्ससारख्या गेममध्ये शेकडो मॉड भरतो. किंवा ज्याचं ग्राफिक कार्ड आधीच दमदार आहे आणि तरीही पैसे शिल्लक आहेत. त्यानं 32 जरूर घ्यावी.

64 जीबी. गेमसाठी? नाही ओ. ज्याला खरंच लागते त्याला ती का लागते हे माहीत असतं. तो हा भाग ऐकत नसणार.

आता येऊ माझ्या चुकीकडे. कारण माझ्याकडे तर 16 होती. मग अडकत का होतं?

वर्षभरानं एका ओळखीच्या दादानं माझा कॅबिनेट उघडला, आत बघितलं आणि विचारलं, "एकच स्टिक?" हो, 16 ची एकच स्टिक. दुसरा स्लॉट रिकामा. मला दुकानात सांगितलं होतं, "एकच घे, पुढे वाढवता येईल." सल्ला वाईट नव्हता. माझ्या पीसीला चुकीचा होता.

इथे पुन्हा मागाकडे या. पेटी कांड्यांनी गच्च भरलीय, पण कांडी देणारा हात एकच आहे. दोन हात असते तर दुप्पट वेगानं माल आला असता. रॅमच्या भाषेत याला ड्युअल चॅनल म्हणतात. प्रोसेसरकडे रॅमसाठी दोन वाटा असतात. एक स्टिक लावली की एकच वाट वापरात. दोन स्टिक योग्य स्लॉटमध्ये लावल्या की दोन्ही वाटा चालू. एका स्टिकला 25,600 एमबी, तर दोघींना मिळून 51,200.

ज्यांच्याकडे वेगळं ग्राफिक कार्ड आहे, त्यांना एका स्टिकचा फटका बसतो पण तो बेताचा. कारण कार्डावर स्वतःची वेगळी मेमरी असते. पण माझ्यासारखं, ग्राफिक्स प्रोसेसरच्या आत, तिथे चित्र काढायलाही हीच रॅम वापरली जाते. तिथे एक स्टिक म्हणजे पायात दगड बांधून पळणं.

मी ती 16 ची स्टिक विकली, 8 च्या दोन घेतल्या. एकूण रॅम तेवढीच. 16 ची 16. तोच जीटीए, तीच सेटिंग. आधी चाळीसच्या आसपास एफपीएस मिळायचे आणि झटके वेगळे. आता साठच्या जवळ, आणि गाडी वळवली की चित्र गुळगुळीत. अण्णांना दाखवलं. म्हणाले, "मग आधीच दोन का नाही घेतल्या?" त्यांची उचल तोवर फिटली होती. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

म्हणून, दोन स्टिक. 16 हवी तर 8 अधिक 8. 32 हवी तर 16 अधिक 16. आणि एकाच खोक्यातली जोडी घ्या, किट म्हणतात त्याला. वेगवेगळ्या कंपनीच्या एकत्र चालतात बऱ्याचदा, पण सगळ्या सर्वात हळू स्टिकच्या वेगानं चालतात, आणि कधी कधी निळी स्क्रीन देऊन जीव खातात.

बोर्डावर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा वापरायचा. शेजारी-शेजारी खुपसू नका. बोर्डाच्या पुस्तकात चित्र असतं, ते बघा.

एक फसवणूक ऐकून ठेवा. डीडीआर5 विकताना काही जण सांगतात, "याच्या एका स्टिकमध्येच दोन चॅनल असतात, दुसरी कशाला?" अर्धं खरं आहे. डीडीआर5 च्या स्टिकची वाट आत दोन अर्ध्या भागांत विभागलेली असते. पण दोन अर्धे मिळून एकच होतं. दोन स्टिकची बरोबरी त्यानं होत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं. विकत घेण्याआधी मोजा. ज्यांच्याकडे आधीच पीसी आहे आणि रॅम वाढवायचा विचार चाललाय, त्यांनी आज रात्री हे करा. तुमचा सगळ्यात जड गेम लावा. नेहमी जे उघडं असतं ते सगळं उघडं ठेवा, डिस्कॉर्ड, क्रोम, सगळं. अर्धा तास खेळा. मग गेम बंद न करता कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स, मग मेमरी.

तिथे "अव्हेलेबल" असा आकडा दिसेल. गेम जोरात असतानाही दोन जीबी किंवा त्याहून जास्त शिल्लक असेल, तर तुम्हाला रॅम कमी पडत नाहीये. पैसे खिशात ठेवा. शिल्लक एक जीबीच्याही खाली गेली असेल, गेम झटके देत असेल आणि त्याच वेळी डिस्कचा आकडा उड्या मारत असेल, तर हो, पेटी रिकामी झालीय, वाढवा. "इन यूज" मोठा दिसला म्हणून घाबरू नका. ज्याच्याकडे जास्त रॅम असते त्याच्याकडे विंडोजही सढळ हातानं वापरतं.

त्याच पानावर "स्लॉट्स यूज्ड" लिहिलेलं असतं. 4 पैकी 2, 2 पैकी 1, असं. आणि "स्पीड". हा आकडा नीट बघा. खोक्यावर 3200 लिहिलंय आणि इथे 2133 किंवा 2400 दिसतंय? मग तुम्ही पैसे भरलेला वेग वापरतच नाही आहात. पीसी चालू होताना बायोसमध्ये जायचं, तिथे एक्सएमपी नावाचं एक बटण असतं. एएमडीच्या काही बोर्डांवर डीओसीपी, डीडीआर5 असेल तर एक्स्पो. ते चालू करायचं, सेव्ह करायचं. फुकटात मिळणारा वेग आहे हा. चालू केल्यावर पीसी अस्थिर वाटला तर परत बंद करता येतो, काही बिघडत नाही.

मग रॅम पुरेशी आहे आणि तरी गेम रडतोय, तर? सोपी परीक्षा. गेमचं रिझोल्यूशन एक पायरी खाली आणा. एफपीएस वाढले तर अडचण ग्राफिक कार्डाची. काहीच फरक नाही पडला तर बहुधा प्रोसेसरची. नुसता गेम उघडायलाच पाच मिनिटं लागतात? मग तुमचा गेम हार्ड डिस्कवर आहे, आधी एसएसडी घ्या. या तिन्ही आजारांवर लोक रॅम नावाचं एकच औषध घेतात. गुण येत नाही, मग म्हणतात पीसीच खराब आहे.

आणि ग्राफिक कार्डाची मेमरी वेगळी, तिला व्हीरॅम म्हणतात. कार्ड 4 जीबीचं असेल आणि गेमला 6 जीबीची चित्रं ठेवायची असतील, तर जास्तीचा माल साध्या रॅममध्ये येतो आणि तिथून रखडत जातो. तुमच्याकडे 32 जीबी रॅम असली तरी हा रखडणं थांबत नाही. माझ्या आतेभावाच्या कोटेशनमधली खरी गडबड हीच होती. पेटी भलीमोठी, माग जुना.

आता भावाचं बोलू, कारण या वर्षी हा विषय निव्वळ हौसेचा राहिलेला नाही. 2025 चे शेवटचे महिने आठवा. रॅमचे भाव असे भडकले की कित्येक किट दुप्पट-तिप्पट झाल्या. कारण काय? जगातली बहुतेक रॅम तीनच कंपन्या बनवतात. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना प्रचंड मेमरी लागते, आणि तिथे नफा जास्त. कंपन्यांनी आपले कारखाने तिकडे वळवले. डिसेंबर 2025 मध्ये मायक्रॉननं जाहीरच केलं की क्रुशियल हा ग्राहकांसाठीचा ब्रँड आपण बंद करतोय. आपल्यातल्या कितीतरी जणांनी पहिली रॅम, पहिली एसएसडी क्रुशियलची घेतली होती.

म्हणजे सोलापुरातल्या पोराची रॅम महागली, कारण जगाच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी डेटा सेंटर भरतंय. सुताचा भाव कुठेतरी लांब ठरतो आणि झळ आपल्या मागाला बसते, हे सोलापूरला काही नवीन नाही.

पूर्वी मी म्हणायचो, "दोन-चार हजारांचाच फरक आहे, घे 32." आज तसं म्हणत नाही. आज तो फरक ग्राफिक कार्डाची एक अख्खी पायरी खाऊन टाकतो. तेव्हा आज 16 घ्या, पण वाट मोकळी ठेवा. म्हणजे चार स्लॉटचा बोर्ड बघा, थोडेच पैसे जास्त लागतात. आज 8 अधिक 8, भाव उतरले की तशाच अजून दोन. डीडीआर4 वर हे बऱ्यापैकी जमतं. डीडीआर5 वर चार स्टिक लावल्या की वेग खाली येतो, तिथे पुढे जोडीच बदलावी लागेल, हे आधीच माहीत असू द्या. आणि डीडीआर4 ची स्टिक डीडीआर5 च्या बोर्डात बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते. दाबून बसवायला जाऊ नका.

भाव चढलेत म्हणून जुनी रॅम घेणारेही वाढलेत. घ्या, हरकत नाही. पण समोर लावून बघा. विंडोजच्या सर्चमध्ये "मेमरी डायग्नोस्टिक" टाइप करा, पीसी रीस्टार्ट होऊन तपासणी करतो. मेमटेस्ट86 त्याहून कडक, ती पेनड्राइव्हवरून चालवायची. एकही एरर आली तर ती स्टिक परत द्या. एकसुद्धा चालवून घेऊ नका, नंतर फायली खराब होतात. आणि नवीन घेताना पक्कं बिल घ्या, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. 18 टक्के जीएसटी वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर घेतली की वॉरंटीच्या वेळी तुम्ही आणि ती चिठ्ठी, दोघंच उरता.

लॅपटॉपवाल्यांना एकच वाक्य. घेण्याआधी विचारा, रॅम बदलता येते का. काही लॅपटॉपमध्ये ती बोर्डाला चिकटवलेलीच असते. तिथे पुढे वाढवू हा पर्याय नाही, म्हणून तिथे सुरुवातीलाच 16.

आणि एक प्रश्न मला दर आठवड्याला येतो. "दादा, जीटीए 6 साठी किती घेऊ?" हा भाग रेकॉर्ड करताना रॉकस्टारनं 19 नोव्हेंबर 2026 ही तारीख दिलीय, ती प्लेस्टेशन 5 आणि एक्सबॉक्स सिरीजसाठी. पीसीची तारीखच जाहीर नाही. जो गेम पीसीवर कधी येणार ते ठरलेलं नाही, त्याच्यासाठी आज महाग रॅम घेऊन ठेवू नका.

तर आतेभावाचं काय झालं? आम्ही दोघं बसलो. मी त्याला विचारलं, आत्ता काय खेळतोस? व्हॅलोरंट आणि जीटीए 5. पुढे काय खेळायचंय? सायबरपंक. कॉलेजात काय लागतं? सी, पायथन, पुढे अँड्रॉइड स्टुडिओ. कागदावर लिहिलं. 16 पुरे. मग दुकानात जाऊन यादी बदलून घेतली. रॅम 8 अधिक 8, चार स्लॉटचा बोर्ड, आणि रॅममधून वाचलेले पैसे ग्राफिक कार्डात. 4 जीबीच्या जागी 8 जीबीचं कार्ड. दुकानदारानं काही कुरकुर केली नाही हं. त्यालाही कुणीतरी नीट विचारायला हवं होतं, एवढंच.

संध्याकाळी आत्याचा फोन. "अरे, तुझ्या भावानं रॅम कमी केली म्हणतोय. पैसं कमी पडलं का? सांग, मी बघते अजून कुठनं तरी."

मी म्हटलं, "नाही आत्या. पैसे पुरले. जिथे लागत होते तिथे लावले."

आत्याला रॅम म्हणजे काय ते माहीत नाही. पण ती अजून कुठून तरी बघायला तयार होती. आपल्या घरातली माणसं अशीच असतात, ती कधी विचारत नाहीत की 32 का, 16 का नाही. म्हणून तो हिशोब आपण करायचा.

तर आज रात्री टास्क मॅनेजर उघडा, तो "अव्हेलेबल"चा आकडा बघा आणि मला पाठवा. सोबत कोणता गेम चालू होता तेही लिहा. पुढच्या भागात त्यातले काही आकडे घेऊन बसू, आणि उन्हाळा तोंडावर आलाय, तेव्हा 44 डिग्रीत आपला कॅबिनेट थंड कसा ठेवायचा तेही बघू.

चला, भेटू. काळजी घ्या. आणि ती दुसरी स्टिक विसरू नका!